चौघांचं भांडं: घरी बिअर करण्याच्या सामाईक संचाची नाशिकमधली वाटणी

या प्रकरणातले चौघे नाशिकचे, एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. 2016 ते 2019 या काळात ते नोकरीनिमित्त जर्मनीत, श्टुटगार्टच्या आसपास होते. तिथे त्यांनी वर्गणी काढून घरी बिअर करण्याचा संच घेतला आणि परतताना तो नाशिकला आणला. तेव्हापासून तो गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये खोक्यांत बंद होता. गेल्या वर्षी बंगला रिडेव्हलपमेंटला द्यायचं ठरलं, गॅरेज रिकामं करायची तारीख आली आणि सहा वर्षं कुणी न काढलेला विषय निघाला: हा संच नक्की कुणाचा आणि त्याचं करायचं काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाने शब्द वाढला. शेवटी दोघांच्या ओळखीचा, हिशेबातला माणूस म्हणून मला मध्ये बसवलं. चौघांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावं देत नाही, रकमा थोड्या गोल केल्या आहेत. ओळखीसाठी त्यांना राहत्या ठिकाणाच्या नावाने हाक मारू: गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको आणि पिंपळगाव. इंदिरानगर ही चौघांतली एकटी मैत्रीण. पिंपळगाव म्हणजे पिंपळगाव बसवंतचा, घरची द्राक्षबाग असलेला. नोकरी सोडून तो आता पूर्ण वेळ शेतीत आहे.

संचात काय होतं

मुख्य वस्तू म्हणजे श्पायडेल कंपनीचं 20 लिटरचं ब्राउमाइस्टर. हे स्टेनलेस स्टीलचं उभं भांडं असतं. तळाशी विजेवर तापणारी कॉइल, खाली पंप, मधोमध धान्य भरायचा स्टीलचा नळा, वर-खाली जाळ्या आणि बाहेर तापमान नेमून देणारा कंट्रोलर. मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं जव नळ्यात भरायचं आणि पाणी त्यातून फिरत ठेवायचं. 62 ते 65 अंश आणि मग 72 अंशांच्या आसपास ठरावीक वेळ थांबलं की धान्यातल्या पिठाची साखर होते. तोच गोड काढा पुढे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुलं, घालून उकळतात, थंड करतात आणि यीस्ट घालून आंबायला ठेवतात. म्हणजे या भांड्यात दारू होत नाही, दारूच्या आधीचा गोड काढा होतो. ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

बाकी सामान असं: धान्य भरडायची रोलर मिल, काढा थंड करायची स्टीलची कॉइल, काढा आंबवायचे प्लास्टिकचे तीन फर्मेंटर, तयार बिअर साठवायचे 19 लिटरचे दोन स्टीलचे केग, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा दाब आवरणारा रेग्युलेटर, काढ्याची घनता मोजणारा हायड्रोमीटर, बाटल्यांना बूच लावायचं यंत्र आणि डीप फ्रीजच्या कोपऱ्यात मुदत संपलेली यीस्टची पाकिटं नि हॉप्सच्या गोळ्या.

पैशांचं गणित सुरुवातीपासून वाकडं होतं. भांडं 1,600 युरोंचं. त्यात गंगापूर रोडने 600 घातले, इंदिरानगर आणि सिडकोने 400-400, आणि पिंपळगावने 200, कारण तो तिथे सगळ्यात उशिरा आला आणि पगारही कमी होता. नंतर मिल, केग आणि इतर किडूकमिडूक मिळून 400 युरोंचं सामान सिडकोने एकट्याने घेतलं. इतरांना ते त्याने ग्रुपला भेट दिल्यासारखं वाटलं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. त्याबद्दल तेव्हा कुणी बोललंच नाही.

सहा वर्षं कुणी न पाहिलेली बाजू

जर्मनीत हे सगळं रीतसर होतं. घरी, स्वतःपुरती बिअर करणाऱ्याने कस्टम्स कार्यालयाला कळवायचं आणि विकायची नाही. तेव्हा वर्षाला 200 लिटरपर्यंत कर नव्हता. 2024 पासून ती मर्यादा 500 लिटर झाली आहे.

महाराष्ट्रात तसं नाही. 1949 चा मुंबई दारूबंदी अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात, त्याच्या कलम 12 नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं बेकायदा आहे, आणि या कायद्यापुरती बिअरही दारूच. स्वतःपुरती, घरच्यांपुरती, सणापुरती अशी कुठलीही सवड त्यात नाही. चौघांना एवढं ढोबळ माहीत होतं, म्हणूनच नाशिकला आल्यावर त्या भांड्यात एकदाही काही शिजलं नाही. पण कलम 65 (फ) कुणी वाचलं नव्हतं. गावठी भट्ट्यांवरच्या छाप्यांच्या बातम्यांत हे कलम आपण नेहमी वाचतो. दारू तयार करण्यासाठी साहित्य, भांडी किंवा उपकरणं नुसती जवळ बाळगणं हाच त्यात गुन्हा आहे. आणि कलम 103 पुढे सांगतं की अशा वस्तू जवळ सापडल्या आणि त्या का आहेत याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा झाला असं गृहीत धरलं जाईल.

“अहो, पण नाशिक म्हणजे वाईनचं शहर ना?” हा प्रश्न सिडकोने विचारला आणि तो रास्त आहे. गंगापूर धरणाच्या काठी लोक लांबून वायनरी बघायला येतात, विंचूरला वाईन पार्क आहे, 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आणलं. पण त्या प्रत्येक टाकीमागे परवाना आहे. शेजारी हजारो लिटर वाईन कायदेशीर तयार होते म्हणून आपल्या गॅरेजातले 20 लिटर कायदेशीर होत नाहीत.

मी त्यांना एका वकिलांकडे घेऊन गेलो. त्यांनी नेमका शब्द दाखवला: कलमात ‘साठी’ आहे, म्हणजे हेतू आहे. स्टीलचं भांडं, पंप आणि कंट्रोलर हे स्वतःहून गुन्ह्याचं साधन नाही. डेअरीतही तसंच असतं. पण त्याच भांड्याशेजारी हॉप्स, यीस्ट, फर्मेंटर आणि बूच लावायचं यंत्र एका खोलीत असलं, तर ‘हे आम्ही वापरत नाही’ एवढ्या तोंडी उत्तरावर कोण विश्वास ठेवणार?

ही चर्चा चालू असताना गंगापूर रोडच्या बायकोने, इतरांच्या वहिनींनी, चहा ठेवता ठेवता विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं कुणी आलं असतं तर ते माझ्या दारात आलं असतं. वर्गणी चौघांची आणि जबाब आमचा, असंच ना?”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. तोपर्यंत सगळे कुणी किती युरो घातले यावर भांडत होते. ज्याच्या घरात वस्तू आहे त्याच्या डोक्यावर तिचा धोका आहे, हे खुद्द त्याच्याही हिशेबात नव्हतं. त्यामुळे पहिला प्रश्न वाटा किती हा राहिला नाही. ही वस्तू उद्यापासून कशासाठी असणार, हे आधी ठरायला हवं होतं, कारण तिची किंमत, तिचं गिऱ्हाईक आणि ती बाळगणाऱ्याची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून होत्या.

चौघांचे चार विचार

सिडकोला विकायचं होतं. त्याने जाहिरातीचा मजकूरही तयार ठेवला होता: ‘घरच्या घरी जर्मन बिअर, संपूर्ण सेट, 2 लाख.’ आकडा त्याने आजच्या युरोच्या भावाने काढला होता. ही जाहिरात मी थांबवली, आणि सगळ्यात ठामपणे मी बोललो असेन तर ते इथेच. अनोळखी माणसाला ‘यात दारू करा’ असं लेखी सांगून उपकरण विकायचं, म्हणजे ज्या हेतूपासून आपण लांब राहायला हवं तोच हेतू स्वतःच्या नावाने आणि फोन नंबरासकट जाहीर करायचा. शिवाय 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 आहेच. बेकायदा उद्देशाचा करार मुळातच रद्दबातल. पैसे अडकले तर दाद मागायलाही जागा नाही.

परवानाधारकाला विकण्याचा मार्ग मोकळा होता. पुण्यात मायक्रोब्रुअरी, म्हणजे परवाना घेऊन स्वतःची बिअर करणारी छोटी ठिकाणं, आहेत, तिथे विचारूनही पाहिलं. पण त्यांची एकेक घाणी शेकडो लिटरची असते. नव्या चवीच्या चाचणीसाठी 20 लिटरचं भांडं उपयोगाचं आहे असं एकाने मान्य केलं, घेतलं मात्र कुणीच नाही.

इंदिरानगरचं म्हणणं साधं: भंगारात द्या आणि मोकळे व्हा. ती भित्री नाही. तिच्या घरी शाळेत जाणारी दोन मुलं आहेत आणि असल्या गोष्टीत तिला आपलं नावसुद्धा नको होतं. पण आठवडाभराने तिनेच आणखी एक कल्पना आणली. तिची एक नातेवाईक पेठ तालुक्यात बचत गटात आहे आणि तो गट नागलीचे पापड, बिस्किटं, सत्त्व करतो. मोड आलेल्या नागलीचा गोड काढा या भांड्यात करता येईल का? तत्त्वतः येतो; पिठाची साखर करणं हेच तर या भांड्याचं काम. पण निघणार तो पातळ काढा, दोन दिवसांत आंबणारा. गटाला हवं होतं महिनोन् महिने टिकणारं पीठ. त्यासाठी वाळवणी आणि चक्की लागते, तापमान सांभाळणारा पंप नाही. कल्पना चांगल्या मनाची होती, पण मशीन आहे म्हणून काम शोधायचं, अशी ती उलटी झाली. गटाच्या बायकांनीच नको म्हटलं.

गंगापूर रोडला मनातून ते ठेवायचं होतं. कशासाठी, हे त्याला सांगता येत नव्हतं. “राहू दे रे, कधीतरी कायदा बदलेल,” एवढंच तो म्हणे. नव्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती, आणि वहिनींचा प्रश्न ऐकल्यावर त्याचा तो आग्रहही गेला.

पिंपळगावला ते वापरायचं होतं, आणि त्याच्याकडे पूर्ण उत्तर तयार होतं.

द्राक्षाचा रस

निर्यातीच्या पॅकिंगमध्ये घड छाटताना बरेच मणी सुटतात. मणी चांगले असतात, पण सुटे म्हणून भाव नाही. बरेचसे मातीमोल जातात. थॉमसन किंवा सोनाका बिनबियांची असल्याने रस काढणं सोपं. पिंपळगावचा विचार होता की हा रस या भांड्यात 80 अंशांपर्यंत तापवायचा, गरम असतानाच बाटलीत भरून बूच घट्ट करायचं, म्हणजे तो टिकतो. सध्या तो घरात पातेल्यात तापवत असे. तळाला लागायचा, रंग काळपट व्हायचा आणि गोडीत करपट वास यायचा. या भांड्यात पंप रस फिरता ठेवतो आणि कंट्रोलर ठरलेल्या अंशावर थांबतो.

मी आकडे मांडायला लावले. साधारण 30 किलो मण्यांतून 20 लिटर रस धरला, तर एक भांडं भरतं. एवढा द्रव 25 वरून 80 अंशांवर न्यायला 2 किलोवॅटच्या कॉइलला कागदावर 40 मिनिटं लागतात, वीज दीड युनिटच्या आत. भरणं, ओतणं, धुणं धरून दिवसाला चार-पाच घाण्या. व्यवसाय म्हणून हे काहीच नाही, घर, पाहुणे आणि गावातल्या ओळखीच्यांपुरतं ठीक आहे. विकायचा झाला तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करायची, हे त्याने मान्य केलं.

विजेचा प्रश्न सोपा निघाला. जर्मनीतही आपल्यासारखेच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, त्यामुळे फक्त गोल जर्मन प्लग काढून अर्थिंगसह 16 अँपिअरचा प्लग बसवायचा. हाच संच अमेरिकेतून 120 व्होल्टचा आला असता तर त्याची किंमत इथे बरीच उतरली असती. शेतातल्या थ्री फेजच्या ठरावीक तासांवर अवलंबून न राहता तो गावठाणातल्या घरच्या लाइनवर चालवायचा, असंही ठरलं.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. द्राक्षाच्या सालीवर यीस्ट असतंच. काढलेला रस मार्चच्या उन्हाळ्यात तसाच ठेवला, तर त्यात कुणी काही न घालताही तो एक-दोन दिवसांत फसफसायला लागतो. म्हणजे उशीर झाला की ज्या कामासाठी आपण हेतू बदलला, तेच काम आपोआप सुरू होणार. म्हणून काढलेला रस त्याच दिवशी तापवायचा, आणि फसफसलेला दिसला तर टाकून द्यायचा. याच कारणाने व्हिनेगरचा विचारही आम्ही सोडला. व्हिनेगर थेट होत नाही, आधी साखरेचा अल्कोहोल होतो आणि मग त्याचं आम्ल. घरगुती पातळीवर त्या मधल्या टप्प्याचा खुलासा करत बसायची वेळ कुणावर यावी, असं मला वाटत नव्हतं.

कुणाचं किती

वापर ठरल्यावर मालकीचं बोलणं निम्म्या आवाजात झालं. तरी तीन दावे उरले होते, आणि तिन्हींत थोडं थोडं खरं होतं.

पहिला गंगापूर रोडचा. सहा वर्षं जागा दिली, त्याचं महिना 500 रुपये भाडं, म्हणजे 36,000. हे मान्य केलं असतं तर वाटायला जवळपास काही उरलंच नसतं. करार कायद्याच्या कलम 70 मध्ये असं आहे की कुणी फुकट करण्याचा इरादा नसताना दुसऱ्यासाठी काही केलं आणि दुसऱ्याने त्याचा फायदा घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पण इथे इरादाच दिसत नव्हता. सहा वर्षांत एकदाही भाड्याचा शब्द निघाला नाही, संच दोस्तीत ठेवला होता. मागाहून लावलेलं भाडं मला पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्याचा एक खर्च मात्र खराच होता. त्याच्या घरसामानाच्या कंटेनरमध्ये ही खोकी आली आणि तेवढी जागा त्याच्या कोट्यातून गेली. कंटेनरचं बिल आणि खोक्यांची मापं त्याने जपून ठेवली होती. त्यावरून 6,000 रुपये निघाले आणि तिघांनी एका मिनिटात मान्य केले. मोजता येणारी गोष्ट समोर आली की माणसं उदार होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

दुसरा दावा पिंपळगावच्या बाजूने, पण त्याने स्वतः केलेला नव्हता. इंदिरानगर म्हणाली, “अरे, आपण चौघे प्यायलो आणि पिंप घासली ती यानेच. त्याचे 200 युरोच धरायचे?” ब्रूइंगमधलं जवळजवळ सगळं काम घासण्याचं आणि निर्जंतुक करण्याचं असतं हे ज्यांनी केलं आहे त्यांना माहीत आहे, त्यामुळे तिचं बोलणं हलकं नव्हतं. तरीही मी ते हिशेबात घेतलं नाही. त्या श्रमाची बिअर झाली आणि ती तेव्हाच संपली. भांड्याच्या आजच्या किमतीत ते श्रम उरलेले नाहीत. भांड्यातच काही सुधारणा केली असती, पंप बदलला असता, तर वेगळं होतं. पिंपळगावला हे चटकन पटलं. इंदिरानगरला अजून पटलेलं नाही, आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही.

तिसरा सिडकोचा: मिल आणि केग माझे. त्याच्या बँकेच्या नोंदी होत्या, त्याने ती वस्तू ग्रुपला दिली असं सांगणारा एकही मेसेज नव्हता. सगळ्यांनी वापरली म्हणून वस्तू सगळ्यांची होत नाही. ते सामान त्याचं त्याला दिलं.

इथे एक कायद्याची बाब सांगायला हवी, कारण सामाईक वस्तू एकाच्या घरी ठेवणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 28 प्रमाणे, सहमालकांच्या परवानगीने वस्तू एकट्याच्या ताब्यात असेल आणि त्याने ती परस्पर विकली, तर प्रामाणिकपणे घेणाऱ्या आणि काही माहीत नसणाऱ्या गिऱ्हाइकाला मालकी मिळते. बाकीच्या मालकांना वस्तू परत मागता येत नाही, विकणाऱ्या मित्राच्या मागे लागावं लागतं. गंगापूर रोडने तसं केलं नाही, करणारही नव्हता. पण वाद चिघळत ठेवला असता तर बिल्डरच्या माणसांनी गॅरेज रिकामं करताना काय झालं असतं, ते सांगता येत नाही.

बंद पाकिटं

भांड्याची किंमत ठरवायला बाजारभाव नव्हता. खरेदीची किंमत, म्हणजे तेव्हाच्या 75 रुपयांच्या भावाने एक लाख वीस हजार, ही फक्त आठवण होती. म्हणून प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगितलं: रस तापवण्याचं भांडं म्हणून, आज, आहे त्या स्थितीत, हे पूर्ण माझं व्हावं यासाठी मी किती रुपये देईन? कागद बंद पाकिटात. ज्याचा आकडा मोठा त्याने घ्यायचं आणि इतरांना त्यांच्या वाट्याप्रमाणे पैसे द्यायचे.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती मी आधीच सांगितली. ज्याला वस्तू हवी असते तो इतरांचा अंदाज घेऊन आकडा मुद्दाम खाली ठेवू शकतो. त्यावर उपाय म्हणून असं ठरवलं की आकडा 20,000 च्या वर गेला नाही तर भांडं कुणालाच नाही, ते एखाद्या फूड टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेला द्यायचं. हरण्याची ही शक्यता समोर ठेवल्यावर आकडे खरे निघाले.

पाकिटं फोडली. पिंपळगाव 42,000, सिडको 30,000, गंगापूर रोड 25,000. इंदिरानगरने शून्य लिहिलं आणि खाली ‘पिंपळगावला द्या’ असं.

42,000 मधून कंटेनरचे 6,000 आधी बाजूला काढले. उरलेल्या 36,000 ची वाटणी 1,600 युरोंतल्या वाट्याप्रमाणे: गंगापूर रोड 13,500, इंदिरानगर 9,000, सिडको 9,000, पिंपळगाव स्वतः 4,500. म्हणजे पिंपळगावने प्रत्यक्षात 37,500 दिले. त्यातले 19,500 गंगापूर रोडला, 9,000-9,000 इतर दोघांना. इंदिरानगर पैसे नको म्हणत होती. मी तिला घ्यायला लावले. वाटा सोडून दिला की पुढे कधीतरी तो बोलण्यात येतो, आणि तेव्हा तो रकमेपेक्षा मोठा झालेला असतो.

बाकी सामानाचा निकाल भराभर लागला. यीस्ट आणि हॉप्स टाकून दिले. प्लास्टिकचे फर्मेंटर आतून चरे पडलेले होते. अशा चऱ्यांत जंतू बसतात, घासूनही निघत नाहीत, त्यामुळे ते खाण्यापिण्याच्या कुठल्याच कामाचे नव्हते. बागेत पाणी साठवायला गेले. बूच लावायचं यंत्र आणि थंड करायची कॉइल भांड्याबरोबर पिंपळगावला, कारण रसाच्या बाटल्यांना दोन्ही लागतात. केग सिडकोने कॉलेज रोडच्या एका कॅफेवाल्याला कोल्ड कॉफीसाठी दिले, मिल अजून त्याच्याकडेच आहे.

रेग्युलेटरवरून मात्र थोडं अडलं. जर्मन आट्यांचा रेग्युलेटर इथल्या सिलिंडरला बसत नाही. अंबडला एका टर्नरकडून जोड करून घेऊ, असं सिडको म्हणाला. कार्बन डायऑक्साइडच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये 25 अंशांना 60 बारहून जास्त दाब असतो, नाशिकच्या उन्हात त्याहून अधिक. असल्या दाबाला घरगुती जोड लावायचा नाही, हे मी आणि पिंपळगावने मिळून त्याला पटवलं. रेग्युलेटर भंगारात गेला. संचातली ती एकमेव वस्तू होती जी फुकट गेल्याचं सिडकोला खरंच वाईट वाटलं.

कागदावर काय आलं

वकिलांनी दीड पानाचं टिपण करून दिलं. त्यात भांड्याचं वर्णन आणि नंबर, मूळ जर्मन बिलाची प्रत, कंटेनरच्या यादीची प्रत, चौघांची सही, मालकी पिंपळगावकडे गेल्याची तारीख, आणि भांडं फळांचा रस तापवण्यासाठीच वापरलं जाईल असं स्पष्ट वाक्य. त्याची एक प्रत भांड्याजवळच ठेवायची. गंगापूर रोडच्या प्रतीवर वहिनींनी आग्रहाने एक ओळ वाढवून घेतली: या तारखेनंतर वरील साहित्यापैकी काहीही आमच्या ताब्यात नाही. माझ्या दृष्टीने सबंध कागदातली सगळ्यात कामाची ओळ तीच.

आणखी एक अट सिडकोने सुचवली. पिंपळगावने दोन वर्षांच्या आत भांडं विकलं, तर 42,000 च्या वर जे येईल ते चौघांत त्याच वाट्याने, आणि विकायचं ते परवानाधारकाला किंवा अन्नप्रक्रियेच्या कामासाठीच. पिंपळगावने विचारलं, “अन् कमी आले तर?” त्यावर थोडी शांतता झाली. कमी आले तर तोटा त्याचा एकट्याचा, असं ठरलं; कारण मधल्या काळात वापरही त्याचा एकट्याचाच असणार. मला हे न्याय्य वाटतं, पण दोन वर्षांची मुदत जरा लांब आहे. मी असतो तर एका हंगामापुरती ठेवली असती.

पहिला हंगाम होऊन गेला. रस टिकला. मात्र काही बाटल्यांच्या तळाशी खडे दिसले म्हणून इंदिरानगरच्या मुलांनी तो प्यायला नकार दिला. हे खडे काचेचे नव्हेत, द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात, आणि रस थंडाव्यात काही आठवडे ठेवून वरचा निवळ तेवढा काढून घेतला तर ते मागे राहतात. पण पुन्हा बाटलीत भरायचा तर रस पुन्हा तापवावा लागतो आणि थंडाव्यासाठी जागा हवी. पिंपळगावकडे शीतगृहाची सोय नाही, गावात आहे ती निर्यातवाल्यांची. पुढच्या फेब्रुवारीआधी तिथे एक कोपरा भाड्याने मिळतो का हे तो बघतो आहे, आणि त्या भाड्यात सिडकोने निम्मा वाटा घालायची तयारी दाखवली आहे. या वेळी कुणाचे किती आणि मोबदल्यात काय, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या, एवढं मी दोघांना सांगितलं आहे. कागद अजून व्हायचा आहे.